कलमाचे भांडण आणि तोंडाचा कर्करोग

गावठी आंब्याच्या रोपावर केशरची काडी बांधून केलेले कलम आपल्या बीड जिल्ह्यात तुम्ही पाहिले असेल. काडी व खुंट एकजीव होतात. माणसाच्या शरीरात मात्र कलम इतक्या सहज जमत नाही.

रक्ताच्या काही कर्करोगांत रुग्णाची बिघडलेली अस्थिमज्जा औषधांनी किंवा किरणांनी नष्ट करतात व निरोगी दात्याची मज्जा त्याला देतात. भारतात असे रोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले. मज्जेतच श्वेतपेशी, म्हणजे शरीराचे राखणदार, जन्मतात. तेव्हा रुग्णाला रक्ताबरोबर दात्याचे राखणदारही मिळतात. उरल्यासुरल्या कर्करोगी पेशी ते मारतात, हा फायदाच. पण कधी कधी ते घरधन्यालाच परका समजतात आणि त्याची त्वचा, यकृत, तोंडाचे अस्तर यांवर हल्ला करतात. यालाच 'ग्राफ्ट व्हर्सस होस्ट' विकार, म्हणजे कलमाचे यजमानाशी भांडण, असे म्हणतात. पुष्कळदा ते वर्षानुवर्षे चालते.

मग गालाच्या आत पांढऱ्या जाळीसारख्या रेषा उमटतात, व्रण पडतात, लाळ आटते, तिखट घास सोसत नाही.

यातून कर्करोग कसा उद्भवतो? जखम भरून काढायची तर पेशींचे विभाजन व्हावे लागते. प्रत्येक विभाजनात आनुवंशिक मजकुराची नक्कल होते. पोथी जितक्या वेळा नकलावी तितकी चुकीची शक्यता वाढते, तसेच हे. त्यात भांडण शमवण्यासाठी दिलेल्या औषधांनी राखणदार सुस्तावतात. चुकलेली पेशी त्यांच्या नजरेतून निसटू शकते. १९९७ साली १९,२२९ रुग्णांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. रोपणानंतर दहा वर्षे किंवा अधिक जगलेल्यांत नव्या गाठींच्या कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेच्या ८.३ पट आढळले. तोंडाच्या व त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचा या जुनाट भांडणाशी स्पष्ट संबंध दिसला.

म्हणून रोपण यशस्वी झाले, रुग्ण गावी परतला, की काम संपले असे नाही. निदान वर्षातून एकदा त्याचे तोंड डॉक्टरांनी तपासले पाहिजे, आणि तेही कायम. तंबाखू, मिसरी, गुटखा, सुपारी त्याने पूर्ण वर्ज्य करावी. आधीच जखमी अस्तरावर हा दुसरा घाव होतो.

हा घाव निरोगी माणसालाही चुकत नाही. सुपारीने गालाचे अस्तर ताठर होते, तोंड उघडेनासे होते. तीही कर्करोगाची पूर्वावस्थाच. तोंड पाहायला बॅटरी आणि आरसा पुरतो. घरात कुणाच्या तोंडात दोन आठवड्यांत न भरणारा व्रण किंवा पांढरा वा लाल चट्टा दिसला, तर दुखत नसला तरी डॉक्टरांना दाखवायला सांगा. लवकर सापडलेला हा कर्करोग बरा होऊ शकतो.

विचार करा : एकसारख्या जुळ्या भावाची मज्जा दिल्यास हे भांडण क्वचितच का होते?