हापूस : भौगोलिक मानांकन व द्रव्यनिश्चिती

चैत्र-वैशाखात पनवेलच्या बाजारात 'हापूस' या एकाच नावाखाली रत्नागिरी, देवगड, रायगड इतकेच नव्हे, तर कर्नाटकातील फळही विकले जाते. आम्रपाक सिद्ध करणाऱ्या औषधनिर्मात्याच्या दृष्टीने हा केवळ दराचा प्रश्न नव्हे. वेष्टनावर आपण काय लिहितो, याचाही आहे.

भौगोलिक निर्देशनांचा कायदा १९९९ चा. तो सप्टेंबर २००३ मध्ये अमलात आला. त्यान्वये ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांपुरते मानांकन मिळाले. पनवेल तालुका या सीमेच्या आत येतो. कर्नाटकातील हापूसही कलमाचाच, वंशाने तोच. तथापि मानांकित नव्हे. केसरची जात एकच असूनही गीर केसरची नोंद २०११ ची व मराठवाडा केसरची २०१६ ची, अशी स्वतंत्र आहे. देशभेदाने द्रव्यभेद मानणाऱ्या वैद्याला यात नवल वाटू नये. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्याय याच विचाराचा आहे.

परंतु मानांकन देश सांगते, पाक सांगत नाही. भावप्रकाशात कोवळा, पक्व व कृत्रिमपक्व आंबा यांचे गुण वेगवेगळे दिले आहेत. तेथील कृत्रिमपक्व म्हणजे कार्बाईडचा नव्हे. आपल्याकडील पेंढ्यातील अढी त्याला अधिक जवळची. कार्बाईडने फळ पिकविण्यास कायद्याने बंदी आहे. तेव्हा फळ कोठले, याबरोबरच ते कसे पिकविले, हेही विचारले पाहिजे.

कोयीची गोष्ट निराळी. चरकाचार्यांनी पुरीषसंग्रहणीय दशेमानीत आम्रास्थि घेतली आहे. तेथे जातीचा निर्देश नाही. म्हणून 'हापूस कोयीचे चूर्ण' अशी जाहिरात करून जादा दर लावणे आम्हांस निराधार वाटते. रस काढणाऱ्या कारखान्यांतून येणाऱ्या कोयी बहुधा मिश्र असतात, पुष्कळदा बुरशी धरलेल्या. त्यापेक्षा माहितीच्या झाडाच्या रायवळ कोयी स्वतः फोडून, मगज वेळीच वाळवून ठेवलेला बरा.

आम्रपाकाच्या वेष्टनावर मात्र 'कोकण हापूस' लिहावयाचे असल्यास फळ नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्याकडून घ्यावे व त्याची पावती त्या त्या घाणीच्या नोंदीस जोडून ठेवावी. मानांकित नावाचा खोटा वापर शिक्षापात्र आहे. वायगाव हळद आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे कोकम यांनाही २०१६ मध्ये मानांकन मिळालेले असल्याने हीच दक्षता तेथेही घ्यावी लागेल.