मृगाआधीची छाटणी : लांब दांड्याची करवत कशी पारखावी?

नागझिऱ्याच्या जंगलाभोवतीच्या गावांत आणि साकोली, तिरोडा, गोरेगावसारख्या कसब्यांत घरामागे एखादे झाड नाही, असे घर शोधूनच काढावे लागेल. कुठे आंबा, कुठे जांभूळ, कुठे मुनगा, तर कुठे दाराशीच कडुनिंब. उन्हाळ्यात हीच झाडे सावली देतात. पण एप्रिल-मेमध्ये वादळ सुटले की त्यांचीच फांदी कवेलूवर येऊन आदळते. वानरांची टोळी त्याच फांदीवरून छपरावर उतरते आणि पहिल्या पावसात घर गळू लागते. म्हणून मृग लागण्याआधी छाटणी करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे.

रीत चांगली, पण पद्धत धोक्याची. कुऱ्हाड खांद्याला लावून माणूस झाडावर चढवायचा, हीच आपली पद्धत. काही वर्षांपूर्वी आमच्या घरामागच्या जांभळावर असाच एक मजूर चढला होता. जांभळाचे लाकूड वरून मजबूत दिसते, पण वजन पडले की कडकन मोडते. पायाखालची फांदी गेली आणि तो दहा-बारा फुटांवरून खाली आला. जीव वाचला, पण कंबरेला मार बसला आणि पुढचे चार महिने तो कामावर जाऊ शकला नाही. त्याचा दवाखाना आणि घरखर्च आम्ही उचलला, ते आमचे कर्तव्यच होते. पण हिशेब मांडला तेव्हा लक्षात आले, की त्या रकमेत चांगल्यातल्या चांगल्या चार करवती आल्या असत्या.

जमिनीवर उभे राहून वरची फांदी कापता यावी, म्हणून लांब दांड्याची करवत असते. बाजारात तिला ‘पोल सॉ’ म्हणतात. कपड्याच्या दुकानात गिऱ्हाईक आधी पोत चाचपते, पन्हा मोजते, रंग टिकेल का ते विचारते आणि मग भावावर येते. हत्याराच्या दुकानात मात्र तेच गिऱ्हाईक आधी भाव विचारते. ही सवय बाजूला ठेवून माल कसा पारखावा, ते क्रमाने पाहू.

पहिली पारख : पोहोच

डब्यावर ‘पोहोच इतके फूट’ असे छापलेले असते. त्या आकड्यात कित्येकदा माणसाची उंचीही धरलेली असते. म्हणून दांडा पूर्ण लांब करून टेपने स्वतः मोजावा. शिवाय करवत सरळ उभी धरून चालवता येत नाही, कारण मग कापलेली फांदी आपल्याच डोक्यावर येईल. दांडा तिरपा धरावा लागतो. समजा दांडा 10 फुटांचा आहे, त्याचे खालचे टोक कमरेपाशी 3 फुटांवर आहे आणि तो 60 अंशांत तिरपा धरला आहे. तर वरचे टोक साधारण साडेअकरा फुटांवर जाते, 13 फुटांवर नाही. आपली फांदी किती उंच आहे, ते घरून मोजून जावे. उगाच फार लांब दांडाही घेऊ नये. लांबी वाढली की तो लचकतो, वजन टोकाशी जाते आणि पाच मिनिटांत खांदे भरून येतात.

दुसरी पारख : पाते आणि दाते

सुताराच्या नेहमीच्या करवतीचे दाते ढकलताना कापतात. वर हात करून ढकलण्यात जोर लागत नाही. म्हणून छाटणीच्या करवतीचे पाते किंचित वाकलेले आणि दाते मुठीच्या दिशेने वळलेले हवेत, म्हणजे ती ओढताना कापते आणि दांड्याचे वजनही कामाला येते. घरच्या कामाला 12 ते 16 इंचांचे पाते पुरते. कापडात इंचाला जितके धागे जास्त तितके ते तलम. इथे उलटे आहे. ओल्या लाकडाला इंचाला पाच-सात मोठे दातेच बरे. बारीक दात्यांत ओला भुसा अडकतो आणि करवत घसरू लागते.

काही पात्यांच्या दात्यांची टोके निळसर दिसतात. ती विशेष ताव देऊन कठीण केलेली असतात. त्यांची धार खूप टिकते, पण गेली की कानशीने परत लावता येत नाही, पातेच बदलावे लागते. म्हणून ‘याचे सुटे पाते मिळते का?’ हा प्रश्न दुकानातच विचारावा. पात्याच्या टोकाशी आकडा असेल तर उत्तम. अडकलेल्या डहाळ्या त्याने खाली ओढता येतात.

तिसरी पारख : दांडा

दांडा लाकडी, अॅल्युमिनियमचा किंवा फायबर ग्लासचा असतो. अॅल्युमिनियम हलके आणि स्वस्त, पण त्यातून वीज वाहते. फायबर ग्लास वजनाला थोडा जास्त आणि महाग, परंतु कोरडा व स्वच्छ असेपर्यंत वीज रोखतो. ओला झाला किंवा धूळ बसली, की त्याचाही भरवसा नाही. लांबी कमी-जास्त करणाऱ्या दांड्याचा खटका दुकानातच चार वेळा उघडून लावून पाहावा. दांडा पूर्ण लांब करून टोक हलवावे. सांध्यात खडखड आली तर तो माल परत ठेवावा.

आपल्या भागात आणखी एक सोय आहे. इथला मानवेल बांबू जवळजवळ भरीव असतो. वाळलेल्या सरळ बांबूला चांगले पाते नटबोल्टने पक्के बसवले, तर हलक्या कामाला तो उत्तम दांडा होतो. सुतळीने मात्र बांधू नये. बांबू शेतातला किंवा विकतचा घ्यावा. अभयारण्यातून तोडणे गुन्हा आहे.

इंजिनाची घ्यावी काय?

बॅटरीवर किंवा पेट्रोलवर चालणाऱ्या साखळीच्या करवतीही आता मिळतात. काम झपाट्याने होते, पण ते वजन हात वर करून पेलावे लागते आणि चूक झाली तर इजा मोठी होते. वर्षातून एक-दोन झाडे छाटणाऱ्या घराला हाताची करवत पुरेशी आहे. बोटाएवढ्या डहाळ्यांसाठी दोरी ओढून चालणारी लांब दांड्याची कात्री मिळते. मनगटाएवढ्या फांदीसाठी करवत. फांदी चार इंचांपेक्षा जाड असेल तर जाणकार माणूस बोलवावा.

कापण्याची रीत

आधी फांदीच्या टोकाकडच्या डहाळ्या काढून वजन कमी करावे. मग खोडापासून फूटभर अंतरावर खालच्या बाजूने पाव भाग काप द्यावा. त्याच्या इंच-दोन इंच पुढे वरून कापावे. असे केले की साल खोडापर्यंत सोलत जात नाही. उरलेला खुंट शेवटी काढावा, पण फांदीच्या मुळाशी जो फुगीर भाग असतो तो राखावा. जखम तिथूनच भरून येते. आंब्याची छाटणी फळे उतरल्यावर करावी. फांदीच्या खाली कधीही उभे राहू नये. डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर हेल्मेट हवेच, आणि आधी घरटे किंवा मधमाश्यांचे मोहोळ आहे का ते पाहावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विजेची तार. तारेपासून दहा फुटांच्या आत फांदी असेल तर दांडा कोणताही असो, हात लावू नये. महावितरणच्या कार्यालयात कळवावे, ते प्रवाह बंद करून फांदी काढतात. आणखी एक गोष्ट. आंबा, चिंच, मोह, जांभूळ, सागवान यांसारखी झाडे महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. शहरांसाठी 1975 चा वेगळा कायदा आहे. म्हणून मोठी छाटणी करण्याआधी वनविभागात किंवा नगरपरिषदेत विचारून घ्यावे.

हिशेब

वर्षातून दोन दिवस लागणारी वस्तू प्रत्येक घराने घ्यावी असे नाही. चार शेजाऱ्यांनी मिळून एक चांगली करवत घेतली तर वाटा किरकोळ येतो. हार्डवेअरच्या दुकानदाराने दोन करवती भाड्याने देण्यासाठी ठेवल्या, किंवा एखाद्या होतकरू तरुणाने रीत शिकून घरोघरी छाटणीचे काम घेतले, तर त्यातून उन्हाळ्यात दोन पैसे सुटतील. पक्के बिल मात्र जरूर घ्यावे. माल सदोष निघाला तर दाद मागायला तोच कागद कामी येतो.

काम झाल्यावर पात्याचा चीक रॉकेल किंवा थिनरच्या फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवून ठेवावे, म्हणजे पुढच्या मृगालाही ते तयार असेल. करवत जुनी झाली तर नवी मिळते. झाडावरून पडलेल्या माणसाची कंबर बाजारात मिळत नाही.