जपानी गारेगार चहा, काकवी घालून

प्रश्न : जपानी पद्धतीचा गोड, थंडगार चहा, ज्यात जेलीचे तुकडे असतात, तो घरी करता येईल का? माचाची एवढीशी डबी इतकी महाग की हात आखडतो. म्हणून साधी ग्रीन टी उकळून त्यात साखर, दूध, बर्फ घातलं, तर कडूजहर झाली. जेलीसाठी चायना ग्रास वापरली, तिच्याही गुठळ्या झाल्या. चुकतंय कुठे?

उत्तर : आधी माचाचा नाद सोडा. माचासाठी चहाची झुडपं तोडणीआधी साधारण तीन आठवडे सावलीत झाकून ठेवतात, पानांचे देठ-शिरा काढून टाकतात आणि उरलेलं पान दगडी जात्यावर दळतात. असं एक जातं तासाभरात जेमतेम चाळीस ग्रॅम पूड काढतं. एवढ्या खटाटोपाची वस्तू दूध, साखर आणि आइस्क्रीमखाली गाडायची ही माझ्या मते निव्वळ उधळपट्टी. तो चहा नुसत्या गरम पाण्यात घुसळून प्यावा.

तुम्हाला हवा आहे तो होजिचा, म्हणजे भाजलेला हिरवा चहा. साधारण शंभर वर्षांपूर्वी क्योटोत याची सुरुवात झाली. शेवटच्या तोडणीची जाड पानं, काड्या असा हलका माल भाजून खपवण्याची ही युक्ती. तिकडे काही घरांत त्यासाठी खापराचं छोटं भांडं असतं. त्याचा दांडा पोकळ असतो आणि भाजलेली पानं त्या दांड्यातूनच बाहेर ओततात. आपल्याला जाड बुडाची कढई पुरते. सुटी ग्रीन टी घ्या. टी-बॅगमधली भुकटी लगेच जळते, आणि लिंबू-तुळशीच्या स्वादाची तर अजिबात नको. वीस ग्रॅम पानं मंद आचेवर सतत हलवत पाच-सहा मिनिटं भाजा. आधी गवतासारखा वास येईल, मग तो जाऊन खमंग दरवळ सुटेल. पानं बदामी झाली की लगेच ताटात काढा. कढईतच ठेवलीत तर गॅस बंद केला तरी करपतात आणि चहाला राखेची चव येते.

कडूपणाचं उत्तरही यातच आहे. हिरव्या चहातली कडू-तुरट द्रव्यं कडकडीत पाण्यात भराभर उतरतात. म्हणून जपानी लोक चांगल्या हिरव्या चहावर सत्तर-ऐंशी अंशांचंच पाणी ओततात. तुम्ही तो उकळलात! भाजल्यावर मात्र ही द्रव्यं बरीच कमी होतात, त्यामुळे होजिचावर उकळतं पाणी बिनधास्त ओता. दोन पेल्यांसाठी दहा ग्रॅम पानांवर पाव लिटर उकळतं पाणी ओतून चार मिनिटं झाकून ठेवा, गाळा आणि फ्रिजमध्ये गार करा. पाण्यात चहा उकळत ठेवायची आपली सवय इथे आवरायची.

आता जेली. चायना ग्रास ही वस्तू मूळ जपानचीच. तिकडे तिला कांतेन म्हणतात आणि ती समुद्री शेवाळापासून काढतात. नागानोच्या डोंगराळ भागात आजही हिवाळ्यात ती उघड्यावर पसरतात. रात्री गोठते, दिवसा वितळते, आणि असं होत होत पाणी निघून कोरड्या पट्ट्या उरतात. (जंतू वाढवून तपासायला प्रयोगशाळेत वापरतात ते आगर हेच.) तिचा स्वभाव एकदा कळला की गुठळ्या होत नाहीत. ती विरघळायला पाणी नीट उकळावं लागतं आणि चाळीस अंशांच्या आसपास आली की लगेच धरते. तुम्ही बहुधा त्यात फ्रिजमधलं दूध ओतलं असणार.

उरलेल्या दहा ग्रॅम पानांचा अर्धा लिटर चहा करून गाळून घ्या. त्यात चायना ग्रासची तीन ते चार ग्रॅम पूड घालून ढवळत दोन मिनिटं उकळा. पट्ट्या असतील तर आधी अर्धा तास थंड पाण्यात भिजवा. पूर्ण विरघळल्यावरच दोन चमचे साखर घाला, साखर आधी पडली की विरघळायला वेळ लागतो. स्टीलच्या ताटात ओता. फ्रिजबाहेरसुद्धा धरते. मग बारीक वड्या पाडा.

गोडीसाठी जपानी मिठाईवाले कुरोमित्सु घालतात. ओकिनावाच्या बेटांवर उसाचा रस आटवून काळा गूळ करतात, त्याचा हा पाक. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीची काकवी असताना वेगळा पाक शोधत बसू नये. फार दाट असेल तर चमचाभर गरम पाण्यात सैल करा. काकवी नसेल तर काळपट गूळ निम्म्या पाण्यात उकळून गाळा. मात्र पाक गार झाल्याशिवाय दुधात घालू नका. गरम दुधात गूळ पडला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

उंच पेल्यात तळाशी दोन चमचे काकवी, वर जेली, बर्फ, मग चहा आणि तेवढंच गार दूध. थंड पदार्थात गोडी कमी जाणवते, म्हणून हात थोडा सैल ठेवा. वरून व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा हवा तर घाला. मला तो नसलेलाच आवडतो. जपानमध्ये वर किनाको, म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ भुरभुरतात. पंढरपुरी डाळं बारीक दळून चाळून घेतलंत तर चव वेगळी, पण खमंगपणा तोच.

भाजल्यामुळे कॅफिन कमी होतं, नाहीसं होत नाही, तेव्हा रात्री मुलांना देऊ नका. जेली झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा, नंतर तिला पाणी सुटतं.