पंचवीस वर्षे झाली, मग लगेच पेन्शन?

प्रश्न : भुसावळचे एक रेल्वे कर्मचारी २००६ मध्ये नोकरीत लागले. त्यांनी राष्ट्रीय पेन्शन योजना (एनपीएस) सोडून एकीकृत पेन्शन योजना (यूपीएस) निवडली आहे. २०३१ मध्ये पंचवीस वर्षे भरताच स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर पेन्शन किती आणि कधीपासून मिळेल?

उत्तर : ‘किती’ सोपे आहे. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या यूपीएसमध्ये पंचवीस वर्षांच्या सेवेला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के रक्कम मिळते. सरासरी ७०,००० असेल, तर ३५,००० रुपये आणि वर महागाई सवलत.

खरी मेख ‘कधीपासून’मध्ये आहे. स्वेच्छानिवृत्तांना ही रक्कम, ते नियत वयोमानानुसार ज्या तारखेला निवृत्त झाले असते, त्या तारखेपासून सुरू होते. हे कर्मचारी २०३६ मध्ये साठ वर्षांचे होणार असतील, तर मधली पाच वर्षे दरमहा पेन्शन नाही. एनपीएसपूर्वीच्या जुन्या पेन्शन योजनेत स्वेच्छानिवृत्तीनंतर लगेच पेन्शन सुरू होई; त्यामुळे ज्येष्ठ सहकाऱ्यांचा सल्ला इथे उपयोगाचा नाही.

खात्यातली ६० टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते, पण तेवढ्याच प्रमाणात पेन्शन घटते, आणि ही घट आयुष्यभरासाठी. घरकर्ज चालू असेल, तर स्वेच्छानिवृत्तीआधी या पाच वर्षांचा खर्च मांडून पाहावा.