हाड, अट्ठि आणि धातू

जमिनीचे जुने कागद घरात असतील तर काढून पाहा. मराठवाड्यात, आपल्या केजच्या बाजूलाही, गावकामाच्या बदल्यात महारांकडे असलेल्या इनाम जमिनीला ‘हाडोळा’ म्हणत. मेलेले जनावर ओढणे हे त्याच गावकामातले. त्या जनावराचे हाड जमिनीच्या नावात येऊन बसले आणि तिथून माणसाला चिकटले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले, ते याच बेडीवर घाव घालण्यासाठी. केज मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात होते, १९४८ पर्यंत. हा शब्द मुलांपासून लपवू नये, असे मला वाटते. अर्थासकट सांगावा.

आता शब्दाकडे वळू. आपले हाड आणि हिंदीतली हड्डी ही ‘हड्ड’ या एकाच प्राकृत शब्दाची लेकरे. (कुत्र्याला हाकलताना ‘हाड’ म्हणतात तो नुसता आवाज, पण आपल्या वाडवडिलांनी दोन्ही ऐकले.) इंग्रजीत बोन. त्याचा जर्मन भाऊ बाइन, पण जर्मन माणूस आज तो शब्द बहुधा पायाला लावतो. तिबेटी लोकांत हाडाचाच शब्द बापाकडच्या कुळालाही चालतो. आपल्याकडे सोयरीक ठरविताना ‘हाड’ पाहणारे काय पाहतात, हे निराळे सांगायला नको.

पालीत हाडाला अट्ठि म्हणतात. संस्कृतातले अस्थि तेच. शरीराच्या बत्तीस भागांचे जे चिंतन भिक्षू करतात, त्यात केस, दात, मांस यांच्या रांगेत अट्ठि येते. तिथे पाटलाचे हाड वेगळे आणि आपले वेगळे, असा हिशेब नाही.

भगवान बुद्धांच्या अस्थींना मात्र ‘धातू’ म्हणतात. शाळेत मुले धातू म्हणजे लोखंड-तांबे असे शिकतात, म्हणून ‘धातुपूजा’ ऐकून ती गोंधळतात. त्यांना समजावून सांगा. परिनिर्वाणानंतर या अस्थींचे आठ वाटे झाले व त्यांवर स्तूप उभारले गेले. श्रीलंकेत स्तूपाला दागबा म्हणतात, ते ‘धातुगब्भ’चेच रूप: धातू पोटात असलेली वास्तू. दीक्षाभूमीच्या स्तूपात बाबासाहेबांच्या अस्थी आहेत, त्या याच परंपरेने. अस्थींना आणखी एक शब्द आहे, ‘सरीर’. १८९८ साली पिप्रहवा येथे सापडलेल्या दगडी करंड्यावर ब्राह्मी अक्षरांत तो ‘सलिल’ असा कोरलेला आहे. त्या पूर्वेकडच्या बोलीत ‘र’चा ‘ल’ होत असे.