गोचिडांतील औषधप्रतिकारकता : बाटली नवी, गट तोच

चेन्नईच्या उष्ण-दमट हवेत गोचिडांना हिवाळ्याची विश्रांती नसते. ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस हा गोचीड तेथे बारमाही टिकतो. लाल लघवीचा बबेसिओसिस याच्याचमार्फत पसरतो. सुमारे तीन आठवडे तो एकाच जनावरावर वाढतो. मग रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली पडून २,००० ते ३,००० अंडी घालते. फवारणीतून वाचलेल्या मोजक्या माद्याच पुढील पिढीच्या जननी ठरतात.

गुण येईना म्हणून पशुपालक सायपरमेथ्रिन सोडून डेल्टामेथ्रिन किंवा फ्लुमेथ्रिन आणतो. ही तिन्ही औषधे कृत्रिम पायरेथ्रॉइड गटातील. तिन्हींचा आघात चेतापेशींच्या सोडियम मार्गिकेवरच होतो. त्या मार्गिकेचे जनुक बदललेल्या गोचिडाला लेबलावरील नवे नाव काय करणार? अमिट्राझ ऑक्टोपामाइन ग्राहींवर कार्य करते. खरा बदल तो.

तथापि प्रत्येक अपयश प्रतिकारकतेचे नसते. मि.लि.मध्ये १२.५ मि.ग्रॅ. डेल्टामेथ्रिन असलेले औषध लिटरभर पाण्यात २ मि.लि. घातल्यास २५ पीपीएम द्रावण मिळते. बुचाने अंदाजे ओतले, किंवा कान व जांघा कोरड्या राहिल्या, तर दोष गोचिडाचा नव्हे.

मात्रा व फवारणी अचूक असूनही शंका उरल्यास फुगलेल्या जिवंत माद्या सच्छिद्र झाकणाच्या डबीत घालून पशुवैद्यक महाविद्यालयाच्या परजीवीशास्त्र विभागाचा सल्ला घ्यावा. चेन्नईत असे महाविद्यालय वेपेरी येथे १९०३ पासून आहे. चाचणीत अंड्यांतून निघालेली पिल्ले औषध मुरवलेल्या कागदी पाकिटात २४ तास ठेवून मेलेली मोजतात. अंडी उबवण्यात काही आठवडे जातात. तोवर गोठ्याच्या भेगा बुजवाव्यात, कारण पुढची पिढी तेथेच दडलेली असते.