जुलैत आंबोली: घरगुती मुक्काम

प्रश्न : जुलैत नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आंबोलीला, एखाद्या कुटुंबाच्या घरी राहायचं आहे. काय पाहावं, काय सांभाळावं?

उत्तर : मुलीला न्याच, आणि शक्यतो सोमवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी घाटातल्या धबधब्यापाशी गर्दीच दिसते.

आंबोलीचं खरं वैभव रात्री दिसतं. पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवर मलबारी उडता बेडूक फेसाचं घरटं करतो; पिल्लं पुढे थेट खालच्या पाण्यात पडतात. फांदीवर निश्चल बसलेला मलबार चापडा हा विषारी साप चटकन लक्षात येत नाही. म्हणून स्थानिक जाणकाराशिवाय रात्री बाहेर पडू नका आणि आधाराला फांदी धरू नका. बेडूक हातात घेऊन फोटो काढायचा मोह तर कटाक्षाने टाळा. त्यांची त्वचा फार नाजूक असते. हाताला लागलेलं डास पळवायचं मलमही त्यांना घातक ठरतं.

दिवसा हिरण्यकेशीच्या मंदिरात जा. तिथल्या कुंडातला एक छोटा मासा 2020 मध्ये नवी प्रजाती म्हणून जगासमोर आला. 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. पाण्यात उतरू नका.

जळवांसाठी लांब मोजे हवेत. कपडे वाळणार नाहीत, जास्तीचे जोड घ्या. जेवणाऱ्यांची संख्या आदल्या दिवशीच कळवा. घरच्या बाईंना बाजार जवळ नसतो. आणि रात्रीच्या फेरीला कोणाला न्यावं, हे यजमानांनाच विचारा.